बारदान्याची खोळ

मु. बोरगाव, आर्णीजवळ
ता. २ मे १९६२

चिरंजीव श्रावणले मोठ्या बहिणीचा, बाईचा जय भीम. नलूले अन् लेकराईले आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. बाभुळगावले तुमचं कसं काय ते कळवजो.

तुझा ताप उतरला का? मुदतीचा आहे म्हणते उकंडा. मालकाचा गडी तो, त्याले तापातलं काय कळते, पण सांगत होता. पेज पीजो, मिरची खाऊ नको, नलूवर खेकसू नको. झालं माझं इचारणं.

रात्रीच्या वर्गात शिकली तेवढ्यावर लिहून राह्यली. दुसऱ्याजवळून लिहून घ्यासारखं हे नाही. हसू आलं तं तिकडंच हास.

तू पोळ्यापासून माझ्या घरी जेवला नाही. मालकाची गाडी घेऊन येते, गोठ्यामागच्या टपरीत झोपते, तिथून माझ्या चुलीचा धूर दिसते तरी येत नाही. मी बोललीच तशी. नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, पलटणीत मोटर चालवाले शिकला, अन् इथं बारदान्यावर बसते, असं म्हणली होती. ते मी वापस घेत नाही. पण आज भांडाले कागद नाही घेतला.

ऊन लय आहे. काळी म्हैस व्याली, पारडी झाली. पंजाबराव मालक औंदा जिल्हा परिषदेले उभे आहेत. रोज पुढच्या सपरीवर, ओसरीवर, माणसं जमते, चहा होते. परवा म्हणत होते, आता कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही, सगळे एका गाडीत बसणार. मी शेणाची पाटी घेऊन भिंतीआड उभी होती. मले हसू आलं अन् पाटी सांडली.

आता गाडीचं सांगते. तुले मालूम आहे तेही लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझं मलेच नीट समजत नाही.

गाडी एक, ड्रायवरच्या सीटा दोन. तू चालवते तवा बारदान्याच्या खोळीची. मालक, नाही तं त्याईचा पोरगा गुणवंत चालवते तवा तुझी सीट निघते, गोठ्यात येते, अन् उकंडा पांढऱ्या खोळीची बसवते. तुझ्या सीटले त्याईनं बसू नाही, त्याईच्या सीटले तू हात लावू नाही. मालकीणबाईचा हुकूम. दुसरी सीट त्याईनं नागपूरच्या भंगारातून आणली होती, त्याच जातीची, त्याच सालची गाडी मोडली होती तिची. तीच तुले देली. ती गाडी कायनं मोडली होती हे कोणी इचारलं नाही. मीही नाही.

तू तापानं घरी गेला तवा कंपनीचं बोलावणं आलं. त्या सालच्या सगळ्या गाड्या वापस बोलावल्या. ड्रायवरच्या सीटखालचा खटका कच्च्या लोखंडाचा निघाला म्हणते. उतारावर बिरीक दाबला का खटका निसटते, सीट भसकन मागं जाते अन् पाय बिरीकपर्यंत पोचत नाही. मद्रासकडं माणसं मेली. हे मालक सपरीवर सगळ्याईले मोठ्यानं सांगत होते, जसं काही त्याईच्या घरचं लग्नच आहे.

गाडी गुणवंत घेऊन गेला नागपूरले. तो चालवत होता म्हणजे पांढरी सीट होती गाडीत. कंपनीच्या मिस्त्रीनं तिचा खटका काढून नवा बसवला. मालक आता सगळ्याईले सांगून राह्यले, गाडी पक्की झाली.

अन् तुझी सीट इथं गोठ्यात, सरकीच्या ढेपेच्या पोत्याले टेकून उभी. मी रोज तिच्यावरची धूळ झटकते. तिले कोणी हात लावला नाही. तूच मागं नलूले म्हणला होता न, का उतारावर सीट कुरकुरते, मी मागं वीट लावतो. नलूनं मले सांगतलं होतं. तवा मी म्हणली, लावते तं लावू दे.

काल मी मालकीणबाईले सरळ इचारलं. म्हणलं, बाई, श्रावणच्या सीटचा खटका कवा बदलणार? त्या म्हणल्या, "कोणती सीट? गाडी दुरुस्त झाली न?" म्हणलं, ती गोठ्यातली. तं त्याईनं दाराकडं पाह्यलं, सपरीवर माणसं होती. हळूच म्हणल्या, "रुखमा, तोंड सांभाळ. कंपनीले काय सांगाचं, आमच्या घरी दोन सीटा काहून आहेत ते?"

म्हणजे त्याईलेही समजते. शिवाशिवीचा कायदा झाला, अन् आता मत पाह्यजे. म्हणून दुसरी सीट आहेच नाही.

अक्षयतृतीयेनंतर मालकीणबाईले उमरखेडले लग्नाले जायचं आहे. पुसदकडच्या घाटानं. तुले बोलावणं येईन.

येऊ नको. ताप आहे म्हणून सांग. नोकरी गेली तं गेली. मले भेव वाटून राह्यलं, श्रावण. मी तुले आजपर्यंत असं कधी लिहिलं का?

तुझी मोठी बाई
रुखमा

ता. ७ मे

चि. श्रावणले जय भीम.

पत्र पोचलं का नाही ते तू कळवलं नाही. तुझी जुनी खोड.

हे दुसरं लिहून राह्यली कारण पयलं रद्द कर. बोलावणं आलं तं ये. तुझी सीट आता चांगली आहे. काहून चांगली आहे ते इचारू नको. बसवताना खाली नवा खटका दिसन, चकचकीत. दिसला तं कोणाजवळ बोलू नको. बारदान्याचीच खोळ आहे, त्याच जागी ठिगळ आहे, बस अन् गाडी चालव.

पारडी दूध पिते बरी. उकंड्याचा पाय मुरगळला. आर्णीच्या बाजारात कांदे लय स्वस्त झाले, नलूले सांगजो. बाभुळगावले काय भाव आहे?

नाही, तू इचारशीनच. तू पयलेपासून असाच. अन् नवा खटका पाहून चारचौघात बोंबलशीन, "बाई, हे कोणी केलं?" त्यापेक्षा मीच सांगते. वाचून झाल्यावर चुलीत घालजो.

मालकीणबाईनं पांढरी खोळ धुवाले काढली. लग्नाले जायचं म्हणून नीळ घालून, खळ करून वाळत घातली होती. पांढरी सीट गाडीत उघडीच होती. दुपारी सगळे जेवून पडले. उकंडा कडुलिंबाखाली घोरत होता. मी गोठ्यात ढोराईले पाणी दाखवत होती अन् माझी नजर तुझ्या सीटवर गेली.

तिची बारदान्याची खोळ काढून पाह्यली. आत तपकिरी रेक्झिन. मालकाच्या सीटलेही तपकिरी रेक्झिन. मी दोन्हीले नाक लावून पाह्यलं, श्रावण. येडी झाली म्हण. दोन्हीचा वास एकच, काथ्याचा अन् घामाचा.

तू कशी काढते ते मी लय खेप पाह्यलं आहे. खटका ओढायचा अन् पुढं सरकवून उचलायची. जड होती, पण मी ढेपेचं पोतं उचलते. त्याईची काढली, तुझी तिथं सरकवली. त्याईचीले बारदान्याची खोळ घातली अन् ढेपेच्या पोत्याजवळ उभी केली, जशी होती तशी. चार वाजता उकंड्यानं उठून, जांभया देत, गाडीतल्या सीटले पांढरी खोळ घातली. त्यानं खाली वाकून पाह्यलंही नाही. तो कायले पाहाते?

मी पांढऱ्या खोळीले बोटही लावलं नाही. हे लिहून ठेवते.

आता तू म्हणशीन, मंग गुणवंतचं काय? गुणवंत काय घाटात जाते का? तो गाडी घेऊन आर्णीले जाते, चहा पिऊन येते. तिकडचा रस्ता ताटासारखा सपाट आहे. घाटात नेहमी तूच असते. त्याले काय होते! मोठा ताकदीचा पोट्टा आहे. बसून बसून पोट सुटलं त्याचं. त्याच्या वजनानंच सीट हलणार नाही.

तो जन्मला तवा त्याची नाळ आपल्या मायनं कापली होती. मी दिवा धरून दाराशी उभी होती. निळा पडला होता, मायनं उलटा धरून पाठीत मारला तवा रडला. त्या वक्ती कोणी खोळ बदलली नाही.

हे मी काहून लिहिलं ते मलेही माहीत नाही.

पत्र मिळताच निघून ये. उशीर करू नको. आता तू आला पाह्यजे, समजलं का? तूच आला पाह्यजे.

तुझी बाई
रुखमा

ता. १२ मे

श्रावण,

जय भीम. तू जिता आहे, गुणवंत जिता आहे, मालकीणबाई अन् त्याईच्या घरच्या दोघी पोट्ट्या जित्या आहेत. हे पयले लिहिते. बाकीचं वाचाले धीर धर.

तुझा निरोप आला का ताप उलटला, येत नाही. सारी जिंदगी तू माझं आयकलं नाही अन् आयकलं तं माझं पयलं पत्र आयकलं! दुसरं तुले पोचाच्या आधीच तुझा निरोप इथं पोचला.

काल सकाळी मी गोठ्यात होती. अंगणात गाडी पुसत होते. मले वाटलं आर्णी. मंग मालकीणबाई नऊवारी जरीचं लुगडं नेसून आल्या, दोघी पोट्ट्या रिबिनी लावून मागं चढल्या, उकंड्यानं फराळाचा डबा ठेवला. मी म्हणलं, "उकंडा, ड्रायवर कोण?" तं तो म्हणते, "गुणवंतराव. त्याले लय हौस आहे घाटाची."

मी खरं सांगते, लगेच धावली नाही. मी म्हशीच्या अंगावर हात ठेवून उभी राह्यली. मनात म्हणलं, काही होत नाही. मंग म्हणलं, तो वीट लावन. पण वीट लावाचं त्याले कोण सांगणार? ते तूच करत होता. मंग असंही मनात आलं का होऊ दे. हो, आलं. त्याईची सीट अन् त्याईचं नशीब म्हणलं. एवढ्यात गाडी सुरू झाली. मागच्या खिडकीतून लहानी पोट्टी मले टाटा करून राह्यली.

धावली मंग. हाताले कोपरापर्यंत शेण. गाडीच्या तोंडापुढं उभी राह्यली.

गुणवंत म्हणते, "ए रुखमाबाई, बाजूले होय न. मुहूर्त चुकते."

"उतरा," म्हणलं.

"काय?"

"उतरा म्हणते न!"

सपरीवर मालक अन् मताची सारी माणसं बसली होती. मालक ओरडले, "काय तमाशा लावला रुखमा? ऊन लागलं का?"

खटका म्हणाले गेली तं शब्दच येईना. म्हणलं, "छोटे मालक, तुमच्या बुडाखाली श्रावणची सीट आहे."

मालकीणबाई "अगं माय" म्हणून पोट्ट्याईले ओढत खाली उतरल्या. गुणवंत तं असा उडाला जसा तव्यावर बसला होता. धोतर झटकत उभा राह्यला. जीव जात होता म्हणून नाही उतरला तो. तुझ्या जागेवर बसला म्हणून उतरला. ते माझ्या काळजात गेलं. पण उतरला. मले त्या घडीले तेवढंच पाह्यजे होतं.

तिथंच सरलं असतं. पण मताची माणसं पाहून राह्यली होती. एक जण म्हणला, "पंजाबराव, श्रावणची सीट म्हणजे? सीटा वेगळ्या आहेत का तुमच्याकडं?"

मालकाचं तोंड उतरलं, मंग हसले. म्हणले, "काहीतरी बरळते बाई. आमच्या घरी असं काही नाही. एकच सीट आहे. गुणवंत, बस रे. जाय, मुहूर्त चुकते."

गुणवंत बापाकडं पाहात राह्यला.

"बस म्हणलं न!"

तो परत चढाले लागला, श्रावण. बापाचा शब्द राखाले. मी त्याले वाचवाले धावली अन् माझ्याच बोलण्यानं त्याले त्या सीटवर परत बसवून राह्यली होती. मले एवढं भेव तुझ्यासाठीही वाटलं नव्हतं. मी त्याच्या आधी दारात घुसली, दोन्ही शेणाचे हात त्या पांढऱ्या खोळीवर ठेवले अन् अंगातला सारा जोर लावून सीट मागं रेटली. खट् झालं. सीट मागच्या सीटवर जाऊन आदळली, जिथं पोट्ट्या बसल्या होत्या तिथं. फराळाचा डबा चेपला. अनारसे सांडले.

म्हणलं, "आता बसा. पाय पुरते का बिरीकले ते पाहा."

गुणवंतनं आत वाकून पाह्यलं. मंग पोट्ट्याईकडं पाह्यलं. त्याचं तोंड तसं झालं जसं जन्मला तवा होतं.

सपरीवरचा तो माणूस हळूच म्हणला, "नागपूरले तं दुरुस्त झालती न?" उकंडा लंगडत गोठ्यात गेला. मले वाटलं पळाला. तं तो तुझी बारदान्याची सीट दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आला, सगळ्याईच्या समोर उलटी करून ठेवली. नवा खटका उन्हात चमकत होता. मंग त्यानं गाडीतली काढली, तीही तिच्या बाजूले ठेवली. त्यानं दोन सीटा मोजून दाखवल्या सगळ्याईले. मताची माणसं चहा न पिता उठली.

मालकीणबाई लग्नाले गेल्या नाही.

मालकानं मले सांगतलं, उद्यापासून गोठ्यात पाय ठेवू नको. म्हणलं, बरं. पारडीले कोण पाहाते ते तेवढं इचारलं, तं ते सपरीवर चढून गेले.

दिवस मावळता गुणवंत आपल्या पुऱ्यात, आपल्या वस्तीत आला, माझ्या दाराशी. बाज दाखवली, बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणला, "रुखमाबाई, सीटा तूच बदलल्या न?"

म्हणलं, "हो."

"कवा?"

"खोळ धुतली त्या दिवशी."

"मंग तवापासून मी आर्णीले जाऊन येतो, तवा तुले मालूम होतं?"

काय सांगू? मालूम होतं. रोज गाडीचा आवाज दूर गेला का मी कान लावून बसत होती, अन् वापस आला का भाकरी थापाले घेत होती. मी इतके दिवस मालकाले नाही भ्याली, पोलिसाले नाही भ्याली. मले माझंच भेव वाटत होतं.

मंग म्हणला, "बाबा म्हणते श्रावणले बोलावून घे. आमचा कोणाचा हात नाही चालत आता त्या गाडीवर."

मी म्हणलं, "कोणत्या सीटवर बसन तो?"

तो निघून गेला. मालकाच्या पोराले एवढं उत्तर देता आलं नाही.

गाडी अजून अंगणात उभी आहे. दोन्ही सीटा बाहेर धुळीत पडल्या आहेत. एकीवर पांढरी खोळ, त्याईचा मान आहे अन् दुसरीले चांगला खटका आहे, म्हणून कोणी कोणती उचलत नाही. उकंडा सांगत होता, आत स्टेरिंगसमोर निरा लोखंडी पट्ट्या दिसते, अन् कोंबडी जाऊन बसते तिथं.

तू काय कराचं ते तुझं तू ठरव. मी आता हुकूम देत नाही. येशीन तं असा ये: गाडीजवळ जायच्या आधी माझ्या घरी जेव. मंग सगळ्याईच्या समोर नव्या खटक्याची सीट उचल, तिची बारदान्याची खोळ काढून फेक, अन् उघडीच बसव. त्याईले चाललं तं चालव. नाही चाललं तं तसाच पायी वापस ये, मी वाटेवर उभी राहीन.

अन् जुना खटका कोणाले वापरू देऊ नको. त्याईच्या कोणालेही नाही. मी दगडानं ठेचला असता, पण आता माझे हात त्या अंगणात चालत नाही.

नलूले हे वाचून दाखव. सगळं.

तुले जितं पाहाची वाट पाहात बसलेली
तुझी बाई
रुखमा